मोटारीचा सूर

मी बोलतेय, खिळ्यावरची. अहो, खाली काय बघताय, वर बघा, युरियाच्या पोत्यांच्या वर. मी बास गिटार. मला तारा चारच असतात. आधीच सांगून टाकते, कारण इथं येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यातला, आता आठवत नाही. पुण्यातल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात मी बरीच धूळ खाल्ली. गिटार म्हटलं की लोकांना सहा तारांची, किणकिणणारी हवी असते. मी पडले खालून आवाज देणारी. मी असले तर कुणाच्या ध्यानात येत नाही आणि नसले तर गाणं पोकळ वाटतं. कशाला असला जन्म द्यावा कुणाला!

मग ऋषिराज आला. पणदऱ्याचा, पुण्याला शिकायला राहिलेला. त्यानं मला मांडीवर घेतलं, जाड तार छेडली आणि डोळे मिटले. त्याच दिवशी पेंडीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून एसटीनं मला गावी आणलं. पेंडीचा वास अंगावरून लवकर गेला नाही.

घर म्हणजे उसातली वस्ती. शेजार म्हणाल तर दोन शेतं ओलांडून. ऋषिराजची आई कौसल्या, तिनं मला उलटंसुलटं करून पाहिलं.

“आरं, फसवलं की तुला दुकानदारानं! दोन तारा काढून घेतल्या मेल्यानं.”

“आई, हिला चारच असतात.”

“व्हय, व्हय. त्येनंच सांगितलं असंल तसं.”

पुढं कितीतरी दिवस ती आल्यागेल्याला मला फसवणुकीचा माल म्हणून दाखवायची. मला अस्सा राग यायचा! पण पदरानं मला पुसायचीही तीच.

विहिरीवर मोटारीची खोली आहे आणि तिला लागून ही खताची. ऋषिराज मला घेऊन इथंच बसायचा, कारण घरात वाजवलं की त्याचे वडील संभाजीराव खाकरायला लागायचे. एकदा भिंतीपलीकडं मोटार सुरू झाली. घूंऽऽऽ. ऋषिराजनं जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि काय सांगू, मोटारीचा नि माझा सूर एकच! मोटार चालू होती तोवर तो वाजवत राहिला. जरा वर जायचा, फिरायचा, परत मोटारीपाशी यायचा. पुढं जे गाणं झालं, त्याची चाल ती तिथं सापडली.

शब्द सोनमचे. ती जळोचीची, कॉलेजातली मैत्रीण, गायला लागली की वरचा पत्रा वाजायचा. ती आणि ड्रम वाजवणारा यशराज वस्तीवर जेवायला आले होते. तिनं सहज विचारलं, “काकू, करमतं का तुम्हाला इथं?”

कौसल्या हसली. “हे दिवसभर रानात, ह्यो पुण्याला. मी आपली मोटारीसंगं बोलती. ती चालू असली की कुणीतरी हाय असं वाटतं.”

सोनमचा घास हातातच राहिला. संध्याकाळच्या आत गाणं तयार झालं होतं.

*बोल गं मोटारी, बोल की गं काही,*
*माझ्या आईला दुसरं कुणी नाही.*

वरून सोनमनं ओरडून विचारायचं आणि खालून मी उत्तर द्यायचं. म्हणजे गाण्यातली मोटार मीच! इतकी वर्षं नुसती बाकीच्यांच्या खाली उभी होते, आता माझ्यावाचून गाणंच होणार नव्हतं. मी किती हरखले होते म्हणून सांगू.

रेकॉर्डिंग याच खोलीत करायचं ठरलं. भिंतींना गोधड्या, दाराला घोंगडं, दोन माईक आणि यशराजचा लॅपटॉप. सोनमला बंगळूरला नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती. जे काही व्हायचं ते त्याच दिवशी.

आता, आमच्याकडं मोटारीला ऑटो असतो. शेतीची लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ही पेटी. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते. त्या सकाळी संभाजीराव स्वतः आले आणि ऑटो बंद केला. “एक दिवस ऊस तहानला तर मरत न्हाय. वाजवा तुमी,” एवढं बोलून निघून गेले. ऋषिराज त्यांच्या पाठीकडं बघतच राहिला.

दुपारभर काही ना काही चुकत होतं. कौसल्या चहा ठेवून गेली आणि जाता जाता मोटारीच्या खोलीत डोकावली. बघते तर ऑटो बंद! उसाच्या घरातल्या बाईचा हात तो, विचार करायच्या आधीच बटणावर गेला.

चहानंतर सोनम जी गायली, माझ्या लाकडावर काटा आला. आणि शेवटच्या कडव्यात लाईट आली. घूंऽऽऽ. मोटार थेट गाण्यात! पण कुणीच थांबलं नाही. सूर एकच होता ना. आम्ही दोघी मिळून सोनमला उत्तर देत होतो.

गाणं संपल्यावर यशराजनं कपाळावर हात मारला. “ऑटो कुणी टाकला?”

“मीच की,” दारातून कौसल्या म्हणाली. “लाईट कवा येईल नेम न्हाय, म्हून टाकला. का रं?”

तिच्यावर रागावणार कोण?

पुढं पुण्यातल्या एका मुलानं गाणं साफ केलं. मोटारीची घरघर घालवायची म्हणून त्यानं खालचा सगळा आवाज कापला. मोटार गेली, आणि तिच्या सुरात सूर मिसळलेली मीही गेले. “बास परत वाजवून पाठव,” असं तो म्हणाला होता खरं. पण यशराजला दम कुठला! त्यानं गाणं तसंच फोनवरून सगळीकडं पाठवून दिलं. आणि चाललं हो ते! बारामतीत वाजलं, इंदापुरात वाजलं, नरसिंहपूरला देवाला गेलेली पोरंही म्हणत होती म्हणे.

उसाच्या ट्रॅक्टरवर हे मोठाले साउंडबॉक्स असतात. त्यात तरी मी सापडेन म्हणून ऋषिराज रस्त्याकडेला जाऊन उभा राहिला. सोनम होती, ड्रम होते. सोनम विचारत होती आणि खालून कुणीच उत्तर देत नव्हतं.

“गाण्यात काही कमी वाटतं का रे?” त्यानं भेटेल त्याला विचारलं.

“कमी? कायबी न्हाय. जबरी झालंय!”

एकानं जरी “व्हय” म्हटलं असतं, तर त्यानं मला परत हातात घेतलं असतं. एकही म्हणाला नाही. मग त्यानं मला या खिळ्यावर टांगलं आणि चाकणला कंपनीत कामाला लागला.

तेव्हापासून मी इथं आहे. तारा गंजल्यात. एक पाल येते, मानेवर बसते, निघून जाते. एकटेपणाची मला सवय होती हो, पण ज्या गाण्यासाठी जीव टाकला त्यात आपण नाही, हे फार लागतं.

परवाची गोष्ट. मोटार चालू होती आणि कौसल्या फोन घेऊन या खोलीत आली. “घरात ऐकलं की कसं उघडंबोडकं वाटतंय,” ती मोटारीला म्हणाली आणि पोत्यावर बसून गाणं लावलं. मोटारीनं भिंत थरथरत होती, भिंतीनं खिळा. माझी दुसरी तार सैल पडत पडत नेमकी मोटारीच्या सुरावर येऊन थांबलीय. ती आपसूक बोलायला लागली. फोनमधून सोनमनं विचारलं, आणि खालून उत्तर आलं.

कौसल्या उठली. वर पाहिलं आणि माझ्या पोटावर तळवा ठेवला. किती दिवसांनी माणसाचा हात लागला मला! गाणं संपलं तरी मोटार चालूच होती आणि मीही. तिनं ऋषिराजला फोन लावला.

“आरं, गाणं पुरं झालंय बघ. ही तुझी चार तारांची बोलाय लागली. ऐक!” तिनं फोन माझ्या अंगाला टेकवला.

“आई, काहीच ऐकू येत नाही गं. नुसती खरखर.”

“न्हायच यायचं. फोनातनं न्हाय जात ह्ये. तू ये.”

तो काय म्हणाला ते मोटारीच्या आवाजात मला कळलं नाही. कौसल्या नुसती “बरं, बरं” म्हणाली आणि पुन्हा पोत्यावर बसली.

ऋषिराज, वाजवू नकोस हवं तर. पण लाईट असताना एकदा ये, आईशेजारी पोत्यावर बस. तुझ्यामागं तिला उत्तर कोण देतंय, तेवढं ऐकून जा.