शेपटीवरची दोन उजळ अक्षरं

मित्रांनो, मी एक जुनं मालवाहू विमान आहे. माझी कहाणी जरा घाईनंच ऐका, कारण माझ्या पायाला भिंगरी आहे. धावपट्टी दिसली की माझी चाकं शिवशिवतात आणि हँगरच्या छपराखाली उभं केलं की जीव कासावीस होतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात माणसं बसत. खिडकीला नाक लावून बसलेली मुलं मला फार आवडायची. पुढे वय झालं. खुर्च्या काढल्या, खिडक्या बुजवल्या, बरगडीत भलंमोठं दार कापलं आणि मी खोकी वाहू लागलो. माझा मालक मला स्वतः उडवत नाही, भाड्यानं देतो. जी कंपनी घेईल तिचं नाव माझ्या शेपटीवर रंगवतात. मुदत संपली की ते पुसतात आणि दुसरं लिहितात. किती नावं मिरवली, विचारू नका!

शेवटची कंपनी एका काकांची होती. त्यांनी ती शून्यातून उभी केली होती. त्यांच्या विमानांवर कधी साधा ओरखडा उठला नव्हता आणि त्या लौकिकावरच लोक डोळे मिटून त्यांच्याकडे औषधं, यंत्रं सोपवत. सुरक्षेचं काम त्यांची पुतणी पाही. ती रोज माझ्या चाकांपाशी उकिडवी बसून खोट काढायची, म्हणून वैमानिक तिला चेष्टेनं 'सासूबाई' म्हणायचा. मला मात्र ते लाडच वाटायचे.

माझी मुदत संपत आली, तशी काकांची चालढकल सुरू झाली.

"काका, डावीकडचा टायर बदलायला हवा," पुतणी म्हणाली.

"अगं, परत द्यायचंय ते विमान. मालक बदलेल की. नियमात बसतोय ना अजून?"

"बसतोय, पण अगदी काठावर."

"मग झालं तर!"

ती गप्प बसली. तिकडे मालक म्हणे, वापरताय तुम्ही, बदला तुम्हीच. दोघांच्या ओढाताणीत माझा टायर झिजत राहिला.

एका ओल्या सकाळी उतरताना तो फुटला. मी भेलकांडलो, धावपट्टी सोडली आणि चिखलात नाक खुपसून थांबलो. वैमानिक आणि त्याचा जोडीदार धडधाकट खाली उतरले.

मला ओढणारी गाडी यायच्या आधी रंगारी आला, शिडी आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन. मागोमाग घामाघूम काका.

"आधी नाव पूस! फोटोवाले कुंपणापाशी जमायच्या आत!"

पहिली दोन अक्षरं रंगाखाली गेली. इतकी नावं पुसली गेली, कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. उडत होतो तोवर मी त्यांचा होतो, चिखलात पडलो तर कोणाचाच नाही.

तेवढ्यात पुतणी धावत आली. "रंगारीदादा, थांबा!"

"ताई, दोन अक्षरं गेली. आता काय करू?"

"पुन्हा लिहा."

"वेड लागलंय का तुला?" काका ओरडले. "फोटो छापून आला तर आयुष्यभराची अब्रू जाईल!"

"काका, टायर आपण बदलला नाही. मी हट्ट धरायला हवा होता, गप्प बसले. हे मी आज सगळ्यांसमोर सांगणार आहे. नाव पुसून सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल?"

काका शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. रंगारी शिडीवर ताटकळला, ब्रशमधला रंग त्याच्याच बुटावर टपकत राहिला. शेवटी काका म्हणाले, "लिही बाबा. आणि नीट लिही."

फोटो छापून आलाच. काही गिऱ्हाइकं पाठ फिरवून गेली, औषधवाले राहिले. मला नवे टायर मिळाले. आता काकाही गुडघे धरून कण्हत माझ्या चाकांपाशी बसू लागले. नव्यानं लिहिलेली अक्षरं इतरांहून उजळ दिसत. रंगारी म्हणाला, सगळी सारखी करून देतो. काका म्हणाले, राहू दे. कोणी विचारलं की ते स्वतःच सारी हकिगत सांगत.

मित्रांनो, भाड्याच्या किंवा उसन्या वस्तूची 'आपली थोडीच आहे' म्हणून हेळसांड करू नका. हाताळता तोवर ती तुमचीच असते.

आज माझी मुदत संपली. माझी चाकं पुन्हा शिवशिवताहेत. रंगारी शिडी लावतोय आणि खाली उभे राहून काका त्याला सांगताहेत, "ती दोन अक्षरं सगळ्यात शेवटी पूस."