शेवटचा टाका

तेराव्या बटणाशी डेलिया टार्पीचा हात पाठीवरच अडकला. पुढे जाईना, मागे येईना. त्या झग्याला मागे ओळीनं बत्तीस बटणं होती, वाटाण्याएवढी, साटिननं मढवलेली. ती एकटीनं लावता येत नाहीत, हे गेली अडतीस वर्षं ती स्वतःच दुकानात येणाऱ्या प्रत्येक नवरीला सांगत आली होती. आणि आता बुधवारच्या अर्ध्या सुट्टीत, दुकानाचं शटर ओढलेलं असताना, ती स्वतः कपडे बदलायच्या खोलीत अर्धी आत, अर्धी बाहेर अशी उभी होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, शहाणी म्हणून गावात नाव, आणि ही अशी.

झगा दर्शनी काचेतला होता. पाच थर जाळी, लांब बाह्या, कंबरेशी बारीक लेस. रंग म्हणाल तर दुधावरच्या सायीचा. पहाटे मॉय नदीवर जे उठतं, त्यावरून दुकानातल्या पोरी त्याला ‘धुकं’ म्हणायच्या. डेलियानं तो निदान चाळीस जणींना घालून दिला होता. घालून बघायच्या सगळ्या, पण घ्यायच्या दुसराच कुठलातरी, कारण ‘धुकं’ अंगावर आलं की त्यांच्या आया रडायच्या आणि मैत्रिणी म्हणायच्या, ‘जरा जुन्या वळणाचा वाटतो, नाही का?’ दर वेळी तो पुन्हा काचेत टांगताना डेलियाला मनातून बरं वाटायचं. का, ते तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये मात्र विचारावं लागलं, कारण फिंटन लावेलनं तिला विचारलं. फिंटन फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी बायको गेलेली, मुलं नाहीत. दर पंधरवड्याला तो डेलियासाठी दोन पुस्तकं बाजूला काढून ठेवायचा. त्या दिवशी तिसरं काढलं आणि म्हणाला, घर एका माणसाला मोठं पडतं, चहाची किटलीसुद्धा मोठी पडते, तेव्हा काय ते बघ. डेलियानं जागच्या जागी बघितलं आणि हो म्हणाली. तारीख ठरली, जूनचा दुसरा शनिवार.

मग बाकीचं सगळं लोकांनीच ठरवलं. मोठी बहीण कन्सेप्टा म्हणाली, गडद निळा कोट-स्कर्ट आणि आईचा ब्रोच, या वयात तेच शोभतं. दुकान आता ओर्लाच्या हातात होतं. ओर्ला म्हणजे म्हाताऱ्या मिसेस हेशनची नात, मनानं लाख चांगली. तिनं नवरीच्या आयांसाठीच्या कपड्यांचा सबंध दांडा पुढे ढकलला आणि म्हणाली, यातला हवा तो घे, माझ्याकडून भेट. डेलियानं ‘छान आहे गं’ म्हणत मान डोलावली. जन्मभर आईचं करताना, बहिणीच्या मुलांचं करताना, तिची मान अशीच डोलत आली होती. पण या वेळी तिला ‘धुकं’ हवं होतं. एकदाच, चर्चच्या दारातून वेदीपर्यंत, सगळ्यांच्या देखत. आणि कोणी हसलं तर ती मरून जाईल अशी तिची खात्री होती.

मागच्या जिन्यावर काठी वाजली. मिसेस हेशन वर राहायच्या. वय चौऱ्याऐंशी. दुकान त्यांनीच काढलेलं आणि डेलियाला सुई धरायला शिकवलेली तीही त्यांनीच. पहिल्या वर्षी त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, ‘उसव’. एकदा एका घेराची तुरपाई त्यांनी सात वेळा उसवायला लावली होती. सातव्या वेळी डेलिया रडली, तर म्हणाल्या, झग्यापासून लांब रड, डाग पडेल.

डेलियानं पडदा ओढला आणि श्वास रोखला.

“कोण आहे?” मिसेस हेशन म्हणाल्या. “जाळीचा आवाज येतोय. ‘धुकं’ कोणी घातलंय?”

त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध गेल्या चार वर्षांपासून डाग आला होता. समोरचं दिसत नसे, कडेकडेचं तेवढं दिसे. म्हणून एखाद्याकडे बघायचं असलं की त्या तोंड दुसरीकडे फिरवायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारी आपल्यावर रुसली. आताही पडदा सरकवून त्यांनी तोंड कोटांच्या दांड्याकडे फिरवलं आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

डेलियाला खोटं सुचेना. ती म्हणाली, “मीच आहे. काढायलाच घेतला होता.”

“काढायला घेतलास, तर तेरा बटणं लावून?”

त्यांनी एव्हाना तिच्या पाठीवरून हात फिरवून, चाचपून मोजली होती. डेलियाच्या कानशिलांना कढत वाटलं. म्हातारी घोडी, लाल लगाम. चाळिशी उलटलेली बाई जाळीच्या झग्याला हात लावायला लागली, की बाई गेल्यावर मिसेस हेशन हेच म्हणायच्या, आणि डेलिया तोंडातल्या टाचण्या सांभाळत हसायची. आता तेच वाक्य यायची ती वाट बघत राहिली.

“खोक्यावर उभी राहा,” मिसेस हेशन म्हणाल्या.

त्यांनी उरलेली एकोणीस बटणं एकेक करून लावली. बोटं वाकडी झाली होती, पण बटण घरात बसवताना चुकली नाहीत. मग दोन्ही हात डेलियाच्या खांद्यांवरून, कंबरेवरून, खाली घेरापर्यंत फिरवले. खांदा अर्धा इंच आत घ्यायचा, म्हणाल्या. घेर दोन बोटं वर. कंबर तुझी अजून बरी आहे, तिला हात लावायला नको.

“लोक हसतील,” डेलिया म्हणाली.

“हसू देत. हसणारे लग्नानंतर सँडविच खायला येतातच की.”

“तुम्हीच म्हणायचात, म्हातारी घोडी…”

“ते मी मिसेस गिलनला म्हणायचे. ती आगाऊ होती.”

डेलियाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरले. तिला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं, की कधी एकदा सुई हातात घेते असं झालं. म्हणाली, दुपारभरात करून टाकते, खांदा काय आणि घेर काय, माझ्या हातचा मळ आहे. तर म्हातारीनं काठी जमिनीवर आपटली. नवरीनं आपल्या झग्याला सुई लावायची नसते. जितके टाके तितके अश्रू. हे डेलियाला काय माहीत नव्हतं? तिनंच किती जणींना ऐकवलं होतं. पण मग करणार कोण? ओर्लाला साधं बटण लावता येत नव्हतं.

“मी काय मेले?” मिसेस हेशन म्हणाल्या.

डेलिया पेचात पडली. नाही म्हणावं, तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला तोंडावर सांगावं लागणार, की तुम्हाला दिसत नाही. हो म्हणावं, तर झग्याची वाट लागणार. तिची मान सवयीनं डोलली, आणि डोलल्याचं समोरच्या बाईला दिसलं नाही, म्हणून मोठ्यानं ‘बरं’ म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मिसेस हेशन मागच्या खोलीत खिडकीशी बसू लागल्या. सकाळी ओर्ला त्यांना दहा सुया ओवून द्यायची, त्या टाचण्यांच्या छोट्या गादीला ओळीनं टोचून ठेवायची. डावा अंगठा कापडावरून पुढे सरकायचा, त्याच्यामागून सुई. डेलिया दुसऱ्या टेबलाशी दुसऱ्या नवऱ्या मुलींचे झगे बेतायची आणि कान तिकडे ठेवायची. मधूनच म्हातारी पुटपुटायची, “उसव,” आणि स्वतःच स्वतःचं उसवायला घ्यायची. डेलियानं एका दुपारी केलं असतं ते काम चार आठवडे चाललं. तिचे हात नुसते शिवशिवायचे.

आणि एका संध्याकाळी तिला राहवलं नाही. म्हातारी वर गेल्यावर तिनं झगा टेबलावर पसरला. खांदे बेताचे बसले होते, बेताचे काय, सुरेख. घेर मात्र कुठे रांगेत चाललेला, कुठे रांग सोडून भटकलेला. डाव्या बाजूला चार बोटांचा भाग तर अगदीच तिरका गेला होता. डेलियानं तो उसवला. उसवला आणि मग लक्षात आलं, की आता शिवायचा तर आपली सुई लावावी लागणार. तिनं सुई उचलली, ओवली आणि पुन्हा गादीला टोचून ठेवली. उसवलेलं तसंच सोडून, चोरासारखी, ती घरी गेली.

सकाळी मिसेस हेशनचा अंगठा त्या जागेशी येऊन थांबला. डेलियानं मान वर केली नाही.

“उंदीर झालेत वाटतं दुकानात,” म्हातारी म्हणाली. “शहाणा उंदीर आहे. तिरकं होतं तेवढंच कुरतडलंय.”

डेलियाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हातारीनं सुई घेतली आणि ती चार बोटं पुन्हा शिवली. तासभर लागला. मग तोंड भिंतीकडे वळवून, म्हणजे डेलियाकडे बघत, ती म्हणाली, “मला माहितीये मला काय दिसतं आणि काय नाही. पण कोणाचं तरी शेवटचं शिवायचंच आहे, तर तुझं शिवते. कळलं?”

“कळलं,” डेलिया म्हणाली. त्यानंतर तिनं त्या झग्याला बोट लावलं नाही. कसा का होईना, तोच घालायचा, हे तिनं त्या दिवशी ठरवलं. आणि लोकांच्या हसण्याची भीती कुठे गेली ते तिला समजलंच नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी कन्सेप्टानं पाऊस येऊ नये म्हणून बाळ येशूची मूर्ती बागेत कुंपणाखाली नेऊन ठेवली. सकाळी ऊन पडलं होतं. ती निळा कोट-स्कर्ट इस्त्री करूनच आली होती, अजून आशा होती बिचारीला. डेलिया जिन्यावरून ‘धुकं’ घालून, पाठ उघडी टाकून खाली आली, तेव्हा कन्सेप्टाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. लोक काय म्हणतील, असं ती म्हणाली खरी, पण म्हणता म्हणता मागे जाऊन बटणं लावायला लागली. विसाव्या बटणाशी नाक ओढल्याचा आवाज आला. “आईनं बघायला हवं होतं गं,” एवढंच बोलली.

दहाच्या सुमाराला ओर्ला मिसेस हेशनना गाडीतून घेऊन आली. त्यांच्या कोटाच्या कॉलरला एकच सुई टोचलेली होती, ओवलेली. हेशनच्या दुकानाची ही जुनी रीत. घेराचा एक टाका मुद्दाम सोडायचा आणि तो लग्नाच्या सकाळी, नवरी घराबाहेर पडायच्या आधी घालायचा. झगा आधी पुरा झाला, तर लग्नाचा दिवस पुरा होत नाही म्हणतात. अडतीस वर्षं हा टाका डेलियानंच घातला होता. किती स्वयंपाकघरांत ती गुडघ्यांवर बसली होती याची गणती नव्हती. टाका घालायचा, दोरा दातानं तोडायचा, चहा घ्यायचा आणि मागच्या दारानं निघून यायचं. पुढे बाजारात त्यातली कोणी भेटली तर डेलियाला चेहऱ्याआधी तिचे घोटे ओळखू येत.

आज ती स्वयंपाकघरातल्या छोट्या स्टुलावर उभी होती, आणि खाली मिसेस हेशन ओर्लाचा हात धरून, कण्हत, एकेक गुडघा टेकत होत्या. डेलियाला ते बघवेना. तिनं नको नको म्हटलं, तर दटावणी मिळाली, की नवऱ्या मुली उभ्या राहतात, बोलत नाहीत.

अंगठा घेरावरून सरकत सरकत मोकळ्या जागेशी आला. नेमका समोर, उजव्या पायावर. सुई आत गेली, बाहेर आली. हात थरथरला, की जाळीच घसरली, कोण जाणे. टाका वाकडा आला आणि वरचा एक थरही त्यात धरला गेला. समोरच्या घेराला ठसठशीत चुणी पडली. कन्सेप्टानं बोलायला तोंड उघडलं. डेलियानं तिच्याकडे बघून मान हलवली, या खेपेला नकाराची.

मिसेस हेशननी वाकून दोरा तोडला.

“सरळ आलाय?”

“सरळ आलाय.”

“अडतीस वर्षांत तुला खोटं बोलता आलं नाही,” म्हातारी म्हणाली. अंगठा चुणीवर येऊन थांबला होता. तिचा आवाज एकदम लहान झाला. “उसव, डेलिया. अजून वेळ आहे. ओर्लाला उसवू दे.”

“नाही.”

“वाकडा आहे तो.”

“असू दे. मला तोच हवाय,” डेलिया म्हणाली. ती स्टुलावरून उतरली, आणि जाळी चुरगळेल याची पर्वा न करता गुडघ्यांवर बसली. दोघी समोरासमोर आल्या. डेलियानं तिचे दोन्ही हात धरले, आणि दोघी एकमेकींच्या आधारानं उठल्या. बराच वेळ लागला, गुडघे दोघींचेही वाजले. चहा तसाच गार झाला.

चर्चमध्ये दार उघडलं तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. कोणीतरी मागच्या बाकावर हसलंसुद्धा असेल, डेलियाला ऐकू आलं नाही. चालताना जाळी कुजबुजत होती, आणि दर दुसऱ्या पावलाला उजव्या बाजूची चुणी पुढे येऊन दिसत होती. वेदीशी फिंटन उभा होता, नीटनेटका माणूस, पुस्तकांचे कोपरेसुद्धा सरळ करणारा. त्याचं लक्ष तिकडे गेलं आणि काहीतरी अडकलं असेल म्हणून तो सोडवायला वाकू लागला. “राहू दे,” डेलिया हळूच म्हणाली, “ते तसंच आहे.” तो सरळ उभा राहिला आणि त्यानं तिचा हात हातात घेतला.

फादर बोलायला लागले. सगळं चर्च नवरीकडे बघत होतं. पहिल्या बाकावर एकट्या मिसेस हेशन तोंड पार भिंतीकडे फिरवून बसल्या होत्या. मागच्या कोणीतरी ओर्लाच्या खांद्यावर टकटक करून विचारलं, आजींना बरं वाटत नाही का. डेलियानं ते ऐकलं. तिनं जरा वळून उजवा पाय अर्धं पाऊल पुढे घेतला, म्हणजे घेर मिसेस हेशनना नीट दिसेल. म्हातारीनं भिंतीवरून तोंड हलवलं नाही.