तिसऱ्या पिनेचं भूत

माळेवाडीच्या देवळापुढं त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी लोक देवाला नारळ आणतात, आज त्यांनी मिक्सर आणले होते. बायकांच्या काखेत मिक्सर, बाप्यांच्या डोक्यावर टीव्ही, आणि बागायतदार भाऊसोंनी तर द्राक्षाच्या ट्रॉलीत घालून अख्खा फ्रीजच आणला होता. मांडवात उंच आसनावर विद्युतनाथ महाराज बसले होते. अंगात भगवी कफनी, गळ्यातल्या माळेत रुद्राक्षांच्या जोडीला काचेचे फ्यूज ओवलेले. पुढ्यातल्या पितळी ताटात कापलेल्या पिनांचा ढीग, आणि हातात कुंकू लावलेली करवत.

महाराजांचं शास्त्र समजायला सोपं होतं. प्लगच्या दोन बारक्या पिना म्हणजे नवरा-बायको. वरची जाड तिसरी म्हणजे त्यांच्या संसारात घुसलेली परकी. ती सरळ जमिनीत उतरते, आणि जमिनीखाली कोण असतं हे मी सांगायला हवं का, असं म्हणून महाराज डोळे मिटत. ती तिसरी कापून टाकायची आणि प्लग महाराजांच्या अभिमंत्रित बोर्डात लावायचा, की विजेची पीडा घरात शिरत नाही. वाडीला हे झटक्यात पटलं. पटायला कारणही होतं. घरोघरी सॉकेट दोनच भोकांची होती आणि ती जाड पिन तशीही सगळ्यांना अडतच होती.

महाराज आले तेही वेळ साधून. गेल्या महिन्यात वळवाच्या वाऱ्यात डीपीवरची, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची तार तुटली, घराघरात दुप्पट दाबाची वीज घुसली आणि अर्ध्या वाडीचे टीव्ही धूर सोडून गार झाले. तार जोडली गेली, पण मनातली भीती कोण जोडणार? डीपीच्या जागी पूर्वी म्हसोबाचा दगड होता, अशी कुणाला तरी आठवण झाली. मग आठवडाभरात महाराज पिकअपमधून हजर झाले. सोबत बोर्डांची खोकी, वीरधवल नावाचा मिशाळ शिष्य आणि स्वतःचा जनरेटर.

मंगल गर्दीच्या कडेला पदर तोंडाला लावून हसू दाबत उभी होती. ती तासगावच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. वाडीची वीज पवित्र करायला आलेला माणूस प्रयोगाला मात्र स्वतःची वीज घेऊन फिरतो, याची तिला गंमत वाटत होती. पण मग गर्दीतून वाट काढत येणारा धनाजी, तिचा नवरा, दिसला आणि तिचं हसू जागीच विरलं. त्यानं चाकांवरचं ऑक्सिजनचं मशीन ओढत आणलं होतं. मागून पुतण्याच्या आधारानं सासूबाई, धोंडुबाई, एकेक पाऊल टाकत येत होत्या.

धोंडुबाईंची उमेदीची वर्षं बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देण्यात गेली होती, आणि छातीही तिथंच गेली, असं डॉक्टर म्हणाले होते. मशीनशिवाय त्या तासभर तग धरायच्या. पुढं ओठ निळे पडायला लागायचे. गेल्या महिन्यात ते मशीन जळालं असतं तर दुसरं येईपर्यंत म्हातारी टिकली असती का, हा विचारही मंगलला सोसत नव्हता.

यावरून घरात चार दिवस धुसफूस चालली होती. मशीन साध्या बोर्डावर लावू नका, चांगला स्पाइक गार्ड घ्या, अर्थिंग करून घ्या आणि त्यावर दुसरं काही लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धनाजीनं दुकानात साधा बोर्ड आणि गार्ड, दोन्ही हातात घेऊन पाहिले. ह्याला पाच भोकं, त्यालाबी पाच भोकं, मग तिप्पट पैसे कशाचे, असा त्याचा सवाल होता. आणि महाराजांच्या बोर्डाला तर वर लाल दिवा होता. तो देवीचा डोळा होता म्हणे.

महाराजांनी मशीन पाहिलं आणि प्रयोगाची खूण केली. एका फळीवर दोन सॉकेट होती, एक पाप्याचं, एक पुण्यवानाचं. दोन्हींच्या वायरी मागच्या पडद्याआड गेलेल्या. शिष्यानं दुकानातला साधा बोर्ड पाप्याच्या सॉकेटात लावून त्यावर दिवा पेटवला. दिवा क्षणभर डोळे दिपवून गेला आणि फट्‌दिशी फुटला. मग अभिमंत्रित बोर्ड पुण्यवानाच्या सॉकेटात गेला. त्यावरचा दिवा शांत तेवत राहिला. लोकांनी हात जोडले. शेजारच्या शालूबाईंनी तर काखेतला मिक्सर वाकवून त्यालाही नमस्कार करायला लावला.

महाराजांनी करवत उचलली आणि मशीनचा प्लग मागितला. धनाजीनं तो पुढंही केला. मंगल मधल्या माणसांना बाजूला सारत मांडवात शिरली आणि तिनं प्लग हातात घट्ट धरला. आधी एकदा बोर्डांची अदलाबदल करून दाखवा, एवढंच तिनं मागितलं.

महाराज मायेनं हसले. "पोरी, पुण्याची जागा बदलत नसते. शंका घेशील तर पीडा उलटंल."

लोक कुजबुजायला लागले. धनाजी कानकोंडा झाला होता. चारचौघांत लाज घालवू नको, असं तो दातओठ खात पुटपुटला. पण मंगलनं प्लग सोडला नाही. तेवढ्यात मागून दम लागलेला आवाज आला.

"मशीन माजं हाय आन् श्वासबी माजा," धोंडुबाई म्हणाल्या. "सून म्हंती तसं आदी करा. मग काय कापायचं ते कापा."

म्हातारीपुढं कोण बोलणार? महाराज उठेपर्यंत मंगलनं बोर्ड बदलले. साधा बोर्ड पुण्यवानाच्या सॉकेटात गेला, आणि त्यावरचा दिवा गुमान तेवत राहिला. देवीचा डोळा पाप्याच्या सॉकेटात गेला, आणि दिव्यासकट तो डोळाही फुटला.

मग पडदा भाऊसोंनीच ओढला. जनरेटरवरून पुण्यवानाकडं एक फेज आणि एक न्यूट्रल गेली होती, घरात येते तशी. पाप्याकडं मात्र दोन फेज जोडल्या होत्या, म्हणजे जवळजवळ दुप्पट दाब. तिथं ऋषिमुनी जरी लावले असते तरी ते फुटले असते. मंगलनं स्क्रू काढून महाराजांचा बोर्ड उघडला. आत पितळेच्या पट्ट्या होत्या, लाल दिव्याचं फुटकं बोंड होतं आणि एक अंगाऱ्याची पुडी.

"ह्यो साधा बोर्ड," ती शाळेतल्यासारखी सावकाश सांगायला लागली. "एका भोकाची पाच भोकं करतो, दुसरं कायबी करत न्हाई. स्पाइक गार्डात एक चकती असती. विजेचा अचानक झटका आला, की ती जास्तीची वीज जमिनीकडं वळवती. त्याची वाट ह्या तिसऱ्या पिनेतनं जाती. महाराज ती वाटच कापत हुते."

"मग गेल्या महिन्यात गार्ड असता तर टीव्ही वाचलं असतं?" भाऊसोंनी विचारलं.

"न्हाई," मंगल म्हणाली. "तार तुटून येवढा येळ दुप्पट वीज आली तर गार्डबी जळतो. त्याला दाब वाढला की लाईन तोडणारा स्टॅबिलायझर लागतो. आन् गार्डातली चकतीबी झिजती, तवा बदलाय लागती. जल्माची हमी कुठलीच वस्तू देत न्हाई. देतो म्हणणारा दिसला, की आदी त्येच्या मागचा पडदा उचलून बघा."

वाडीनं तिला खांद्यावर वगैरे घेतलं नाही. भाऊसोंनी बोलावलेले पोलीस महाराजांना घेऊन गेले, तेव्हा बरेच जण मंगलवरच रुसले होते. पिना आधीच कापल्या गेल्या होत्या, आणि ही बाई एक दिवस आधी बोलली असती तर काय बिघडलं असतं, असा त्यांचा राग होता. शालूबाई पितळी ताटातल्या ढिगात आपल्या मिक्सरची पिन शोधत बसल्या. धनाजी मात्र घरी येईपर्यंत सासूसुनेच्या नजरेला नजर देईना. आईला खुर्चीत बसवताना त्याचे डोळे भरून आले, आणि मंगलनं ते पाहिलं.

त्या आठवड्यात त्यानंच परड्यात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग करून घेतलं. सॉकेट तीन भोकांची झाली. स्टॅबिलायझर आला, गार्ड आला, आणि त्यावर फक्त धोंडुबाईंचं मशीन लागलं. खड्डा कोरडा पडू द्यायचा नाही, असं मंगलनं सांगितल्यामुळं धोंडुबाई रोज सकाळी धापा टाकत का होईना, पण स्वतः तांब्याभर पाणी घालायच्या.

म्हातारी रोज खड्ड्याला पाणी घालते ही बातमी शालूबाईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एका सकाळी त्या कुंकवाची कोयरी आणि उदबत्ती घेऊन परड्यात आल्या. कुठल्या देवाचं स्थान आहे, नवसाला पावतो का, असं त्यांनी भक्तिभावानं विचारलं.

धोंडुबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि दम खाल्ला.

"द्येव न्हाई गं, खड्डा हाय," त्या म्हणाल्या. "पानी घातलं तर काम करतो. कुकू लावलंस तर नुसता तांबडा दिसंल. तुज्या घरी खण जा एक."