तो जेवेल तेव्हा जेवेल

मी एक जुनी काचेची टाकी आहे. भाईंदर पश्चिमेच्या एका गल्लीत धाकू नावाच्या काचवाल्याने मला घडवले. काचा कापून, त्यांच्या कडा घासून त्याने त्या एकमेकींना चिकटवल्या, मला पाण्याने भरले आणि कुठे झिरपते का ते पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिले. एक थेंबही गळला नाही.

पुढे पुष्कळ वर्षे मी दातांच्या एका दवाखान्यात होते. गाल सुजलेली मुले माझ्यासमोर बसत, माझ्यातले केशरी मासे बघत आणि आत जायची भीती घटकाभर विसरत. येणारे-जाणारे माझे कौतुक करत. मग दवाखान्याचे रूप बदलले, भिंतीवर टीव्ही आला आणि मला गच्चीवर नेऊन ठेवले. तिथे माझ्यात फाटक्या चपला होत्या, कबुतरांची पिसे होती आणि धूळ होती. मित्रांनो, जिच्यातून कोणी बघत नाही ती काच हळूहळू आंधळी होते.

त्याच इमारतीत राहणाऱ्या समाधानने मला गच्चीवरून खाली आणले. तो कुरियरच्या ऑफिसात नोकरीला होता. बायको उर्मिला, शाळेत जाणारी मुलगी संघप्रिया आणि परभणीकडून राहायला आलेली आई मुक्ताबाई, एवढे त्याचे घर. उर्मिलाने मीठ आणि लिंबू लावून मला लख्ख घासले. एका संध्याकाळी ती लेकीला घेऊन बाजारात गेली आणि पाणी भरलेल्या पिशवीतून एक एंजल मासा घेऊन आली. अजून पिल्लूच होते ते. रुपेरी अंग, त्यावर काळे पट्टे, आणि पंख इतके नाजूक की पाण्यात आहेत की नाहीत ते कळू नये. तिने पिशवी थोडा वेळ माझ्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि मग त्याला अलगद सोडले. उद्या आपण दोघी मिळून त्याला खाऊ घालू, असे ती लेकीला म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी उर्मिला तापाने फणफणली. रक्त तपासले तर डेंग्यू निघाला. रक्तातल्या प्लेटलेट पेशी कमी होत होत्या. तिला मोठ्या दवाखान्यात दाखल करावे लागले, आणि लहान मुलांना तिथे आत सोडत नव्हते.

माशाला खाऊ घालायचे संघप्रियाने एकटीने मनावर घेतले. मासा फिल्टरच्या मागे, कोपऱ्यात, काचेला अंग लावून उभा होता. तिने वरून चिमूटभर दाणे टाकले. तो हलला नाही. तिने आणखी टाकले. मग वाकून, माझ्या काचेला नाक लावून ती बघत राहिली. तिचे मोठे डोळे दिसताच तो आणखी आत सरकला. तिने बोटाने टकटक केली. मित्रांनो, बाहेर जी हलकी टकटक वाटते ती आत ढोलासारखी घुमते. तो थरथरला. हे मला कळत होते, पण मला तोंड कुठे होते?

शाळेतून आली की ती दप्तर टाकायची आणि माझ्यासमोर बसायची. दिवा दिवसभर लावलेला. खाली पडलेले दाणे फुगले, कुजले. पाणी दुधाळ झाले. माशाचे काळे पट्टे फिके पडले आणि तो वर येऊन तोंड उघडू-मिटू लागला. घरात फोन वाजला की सगळे समाधानकडे बघत. पेशी अजून उतरल्यात, एवढेच समाधान सांगायचा.

एका दुपारी तो दवाखान्यातून आला तो थेट माझ्याकडे. शेजारीण त्याला जिन्यात म्हणाली होती, "घर में पानी जमा मत रखो भैया." त्याने बादली आणली आणि माझ्या फिल्टरची वायर काढली. सकाळपासून त्याने काही खाल्लेले नव्हते, डोळे लाल होते. मासा दुकानात परत देतो, टाकी रिकामी करतो, असे तो म्हणाला. घरात एकाला डेंग्यू झाला तेवढा पुरे.

संघप्रिया माझ्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली.

"नको बाबा. तो जेवला ना, की आई घरी येणार. मी ठरवलंय तसं."

समाधानच्या हातातली बादली तशीच राहिली. मुक्ताबाई भाजी निवडत होत्या. त्या उठल्या आणि नातीला जवळ घेऊन खाली बसल्या.

"म्हणून तू घास सोडलास व्हय गं? सकाळी पोळी तशीच ठेवलीस." संघप्रियाने मान डोलावली. "हा तर नवसच झाला की, लेकरा. तुझ्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवापासून आपल्या घरात नवस न्हाई. आई औषधानं बरी होईल. मासा त्याच्या भुकेनं जेवेल. एवढुसा जीव तो, त्याच्या पाठीवर आईचं ओझं कशाला ठेवतीस?"

संघप्रिया तेव्हा पहिल्यांदा रडली. समाधानने बादली खाली ठेवली आणि तोही तिच्याजवळ जमिनीवर बसला.

मग त्याने दुकानदाराला फोन लावला. दुकानदाराने सांगितले, दिवा बंद करा, आडोसा द्या, सडलेले दाणे काढा, सगळे पाणी एकदम बदलू नका, आज काही खायला घालू नका. आणि पाणी हलते ठेवले, वर झाकण ठेवले की डासांची भीती नाही. समाधानने वायर पुन्हा जोडली. बापलेकीने नळीने तळाचा गाळ ओढून काढला आणि झाकून ठेवलेले कालचे पाणी थोडे थोडे ओतले. मुक्ताबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्या तीन बाजूंनी बांधला. फुटक्या बोळक्याची धारदार कड फरशीवर घासून तेही आत ठेवले. किती दिवसांनी माझ्यात सावली आली! मासा बोळक्याकडे गेला, थबकला, आणि आत शिरला.

दुसऱ्या दिवशी संघप्रियाने दाणे बोटांनी अगदी बारीक चुरले आणि पाण्यावर सोडले. मग ती माझ्याकडे पाठ करून गृहपाठ करत बसली. मान वळवायची नाही म्हणून तिने खांदे घट्ट आवळले होते. कण तरंगत राहिले. मासा आला नाही. तिने ते जाळीने काढून टाकले आणि ती जेवायला गेली.

पुढच्या संध्याकाळी फोन आला. समाधानचा चेहरा उतरला. पेशी आणखी कमी झाल्या होत्या. रक्त चढवायची तयारी ठेवा, असे डॉक्टर म्हणत होते. तो तसाच निघाला. संघप्रियाने दाणे चुरले, पाण्यावर सोडले आणि पाठ करून बसली.

तेव्हा तो बोळक्यातून बाहेर आला. एक कण त्याने तोंडात घेतला आणि थुंकला. पुन्हा घेतला. गिळला. मग दुसरा. पाण्यावर बारीकसा आवाज झाला आणि तिने तो ऐकला.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तो जेवला. आणि आई अजून बरी नाही."

"हं," मुक्ताबाई म्हणाल्या. "दोन्ही खरंय." आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

उर्मिला घरी आली ती बऱ्याच दिवसांनी, भिंतीचा आधार घेत. तिच्या तोंडाला चव नव्हती. समाधान ताट घेऊन उभा, मुक्ताबाई दोन घास तरी खा म्हणून मागे लागलेल्या. शेवटी संघप्रियाने पेजेची वाटी आईच्या हाताशी ठेवली, दाराचा पडदा ओढून घेतला आणि बाबा-आजीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले. खोलीत उर्मिला, मासा आणि मी, असे आम्ही तिघेच उरलो. काही वेळाने वाटीत चमचा वाजला.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा बुजरा जीव आला तर त्याच्या काचेवर बोटे आपटू नका. त्याला सावली द्या, आडोसा द्या, स्वच्छ पाणी द्या आणि जवळपास शांत बसून राहा. तो जेवेल. फक्त आपली भीती त्याच्या घासात कालवू नका.