खंडेनवमीची पहिली फुंक

मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. पिपाणी म्हणायचं असेल तर आत्ताच उठा, मित्रांनो. पिपाणी जत्रेत मिळते. मी मेरठच्या कारखान्यात घडले. काळं लाकूड, चकचकीत चाव्या. कल्याणजवळच्या कोपर गावातल्या देवराम बँडमास्तरनं मला आणलं आणि पंचवीस वर्षं लग्नांत वाजवलं. नोटेशनचा कागद त्याला कधी वाचता आला नाही. पण नवरीची आई डोळ्यांना पदर लावायला लागली की कोणती चाल धरायची, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

त्याचा मुलगा परशुराम आठव्या वर्षी वरातीत झांजा वाजवायचा. दहाव्या वर्षी त्यानं मला तोंडाला लावलं. मी अशी किंचाळले, की शेजारची कांता दारात येऊन ओरडली, "देवराम, कोंबडी कापतोस काय रे?"

"बोटं मागनं. आधी श्वास," एवढंच देवराम पोराला म्हणाला.

पोरगा हुशार निघाला. ठाण्यात एका निवृत्त पोलीस बँडवाल्याकडे नोटेशन शिकला आणि तिथल्याच एका शाळेत बँडचा सर झाला. देवरामनं मला त्याच्या हाती दिलं. "ही तुझी. फक्त खंडेनवमीला पहिली फुंक माझी." त्यांच्या बँडची रीतच होती. त्या दिवशी वाद्यांची पूजा करायची आणि पहिली फुंक घरातल्या मोठ्यानं मारायची. परशुराम दरवर्षी मला कोपरच्या घरी घेऊन जायचा.

शाळेचा बँड गाजला. ढालींनी कपाट भरलं. कुणी विचारलं, "सर, कुठे शिकलात?" की सर म्हणायचे, "पोलीस बँडच्या मास्तरांकडे." खोटं नव्हतं. अर्धं होतं. आणि मी? मखमलीच्या पेटीत बसून मलाही वरातीची धूळ आठवेनाशी झाली होती.

एका वर्षी पूजा शाळेतच ठेवली. सरांना कोपरला जाता येईना, म्हणून देवरामच आला. अंगात बँडचा लाल कोट, जरीची पट्टी, कोपरावर ठिगळ. त्याच्याकडचा तोच एक चांगला कोट.

"हे कोण, सर?" मुख्याध्यापिका शुभदाबाईंनी विचारलं.

सरांनी कोटाकडे पाहिलं. "दुरुस्तीवाले आहेत, बाई."

देवरामनं कोटाच्या बाह्या मागे सारल्या. मग म्हणाला, "व्हय बाई. काय काय बिघडलंय?"

दुपारभर तो खाली बसून स्क्रू आवळत होता, ढोलांच्या दोऱ्या ताणत होता. शेवटी मला हातात घेतलं. माझी सैल चावी बसवली, कोटाच्या बाहीनं मला पुसलं. मी वाट बघत होते. त्यानं मला पेटीत ठेवलं.

"वाजवून नाही बघत?" बाई म्हणाल्या.

"दुरुस्तीवाल्यानं वाजवायचं नसतं, बाई."

तो गेला. त्या जुनाट कोटाचा वास आपल्या मखमलीला लागला नाही, म्हणून मला हायसं वाटलं, मित्रांनो. एवढी माजले होते मी. पुढच्या खंडेनवमीच्या आधीच देवराम वारला.

त्यानंतर चौदा वर्षं सरांनी मला हळदकुंकू लावलं, फुंक कधी मारली नाही. यंदा ते निवृत्त होणार. पूजेच्या वेळी सातवीतल्या क्षिप्रानं विचारलं, "सर, ही कुणाची? कोणीच वाजवत नाही."

सरांनी पेटीच्या कडेवरचं कुंकू बोटानं पुसलं. "माझ्या वडिलांची. देवराम बँडमास्तर. लग्नांत वाजवायचे. मी आधी त्यांच्याकडेच शिकलो."

"मग त्यांना बोलवा ना, सर!"

सरांनी मला उचललं, तोंडाला लावलं आणि फुंकलं. आतून नुसती हवा गेली. चाव्यांखालच्या, भोकं बंद करणाऱ्या मऊ गाद्या कसरीनं खाल्ल्या होत्या.

मित्रांनो, वाद्य पुसत जा, वाजवत जा. आणि दारात आपलं माणूस आलं, तर ते समोर उभं आहे तोवरच ते कोण ते सांगा. माझ्या गाद्या काय, उद्या बदलून होतील. ठाण्यात दुरुस्तीवाले पुष्कळ आहेत. पण पहिली फुंक मारायला आता कोणाला बोलावणार?