बिनचूक भाषांतर

"एका क्रियापदासाठी सकाळपासून घोळ घालताय, बाई?" व्यवस्थापकांनी पेनाने टेबलावर टकटक केली.

बाई कारखान्यातल्या भाषांतरकार. चौकशीचा इंग्रजी अहवाल कामगाराच्या भाषेत आणायचा, त्याला वाचून दाखवायचा, 'भाषांतर बिनचूक' म्हणून सही ठोकायची, मग त्याची सही घ्यायची. बावीस वर्षं हेच. समोर फिटर उभा होता, डावा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्याला बस म्हणायला साहेबांची जीभ रेटत नव्हती.

बाईंनी वाचलं, "'फिटरने स्वतःला एन्डेंजर केले.'"

"म्हणजे काय, ताई?"

"स्वतःहून धोक्यात घातलं. सही केलीत तर चूक तुमची, आणि नोकरी गेली."

"स्वतःहून? बॉयलर थंड होऊ द्या म्हणून तीनदा सांगितलं मी. साहेबच म्हणाले, चालू असतानाच व्हॉल्व्ह खोल, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"तोंड आवर," साहेब म्हणाले. अपघात झाला तेव्हा ते वरच्या मजल्यावर होते. धोक्याबद्दल बोलायचा अधिकार त्यांना तिथूनच मिळाला असावा.

बाईंनी जाडजूड कोश उघडला. "साहेब, यातल्या 'डेंजर'चा अर्थ मुळात धोका नव्हता. जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, मुळाशी लॅटिनमधला मालक. मालकाची सत्ता, त्याच्या तावडीत असणं, म्हणजे डेंजर. धोका हा अर्थ मागाहून चिकटला."

"मी काय शिकवणी लावलीय?"

"नाही. तुम्ही शिकण्यातले नाही, हे मला ठाऊक आहे." थर्मामीटरवरचा आकडा सांगावा तसा त्यांचा आवाज होता. "जुना अर्थ सोडून देऊ. पण हुकूम कुणी दिला, ते चौकशीतल्या यांच्या साक्षीत आहे आणि अहवालात नाही. याला बिनचूक म्हणून मी सही करणार नाही."

"टायपिस्टलाही इंग्रजी येतं. उद्या तुमच्या खुर्चीत तो बसेल."

"बसू दे. खुर्चीत बसलं म्हणून माणूस उंच होत नाही, हे रोज पाहतेय."

साहेबांनी कागद फिटरपुढे सरकवला. "तू कर रे सही."

"ताईंची नाही, तर माझीही नाही," फिटर म्हणाला.

बाईंनी पर्स उचलली. जिना उतरताना फिटर सवयीने दोन पायऱ्या मागे राहिला. बाई थांबल्या, तसा तोही थांबला. मग तो बरोबरीच्या पायरीवर आला, आणि दोघं खाली उतरली.