ठोका न पडलेली दोन वर्षं

मित्रांनो, मी मदरशातलं एक जुनं बैठं डेस्क. उंची जेमतेम दीड फूट, त्यामुळे माझ्यापुढे बसणारा आपोआप नम्र होतो. सुताराने मला खोक्याच्या फळ्यांतून घडवलं. एका पायाखाली अजून पुठ्ठ्याची घडी आहे.

माझ्यामागे वीस वर्षं उस्ताद बसले. मुलं कुराण पाठ म्हणून दाखवत. चुकलं की उस्ताद बोटाच्या पेराने माझ्यावर एक ठोका देत. छडी नाही, आरडाओरडा नाही. ठोका म्हणजे मागे जा, पुन्हा म्हण. "बाळांनो, हे शब्द आपले नाहीत," ते सांगत, "ही अमानत आहे. मिळाली तशीच पुढे द्यायची." समोरच्या भिंतीवर शिक्षणाची उद्दिष्टं रंगवली होती: ज्ञान, सदाचार, अदब. पाहुणे येणार असले की ती पुसून लख्ख होत.

मग ठोके थांबले. कमिटीचे अध्यक्ष खूश. "उस्ताद, मुलं सुधारली हो!"

मुलं कसली सुधारतात? उस्तादांचे कान गेले होते. ते ओठांकडे बघून मान डोलवत. पोरांना कळलं होतं, पण तोंडावर सांगणार कोण? अदब आड आली. चुका पाठ होऊ लागल्या, मोठ्यांच्या चुका धाकटी घोकू लागली. माझा जीव तुटायचा, पण लाकडाला तोंड कुठून आणायचं?

एके दिवशी शिंपिणीची थोरली मुलगी पाठ म्हणताना एक अख्खी आयत, म्हणजे कुराणातलं एक पूर्ण वचन, गाळून गेली. उस्ताद म्हणाले, "शाबास, बेटी!" ती रडायलाच लागली. तिने पाटी ओढली.

"ताई, नको ना!" धाकटी कुजबुजली. "त्यांची नोकरी जाईल!"

तिने लिहिलंच: 'आयत राहिली. तुम्हाला ऐकू आलं नाही.'

उस्तादांनी ते दोनदा वाचलं. "कधीपासून निसटतायत चुका माझ्याकडून?"

तिने दोन बोटं वर केली. "दोन महिने?" उस्तादांनी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. 'वर्षं,' असं लिहिलं.

त्यांनी दोन्ही तळवे माझ्यावर टेकवले. मग ते उठले, कमिटीकडे गेले आणि स्वतःच नोकरी सोडून आले. तेव्हापासून ते त्या दोन वर्षांत शिकून बाहेर पडलेली मुलं शोधत दारोदार फिरतात, पाठ पुन्हा तपासून घ्या म्हणून सांगतात. नऊ जणांचा अजून पत्ता नाही.

मित्रांनो, गुरुजनांची चूक त्यांना हळू आवाजात सांगा, पण सांगा. आणि त्या नऊ जणांपैकी कोणी हे वाचत असेल, तर हात जोडतो, एकदा चांगल्या कानाच्या माणसासमोर बसा आणि पहिल्यापासून म्हणून दाखवा.